नियम क्रमांक 9 आधी वाचा

पत्र

नमस्कार ताई,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात पतसंस्थेत रोखपाल आहे. वय 33. दहा-अकरा वर्षं कविता लिहितेय. तीन वह्या भरल्यात, बाकीच्या मोबाइलमध्ये आहेत. परवा मोजल्या तर 112 निघाल्या. सात-आठ दिवाळी अंकांत आल्यात, एक ‘कविता-रती’ या कवितेच्या नियतकालिकात. एका छोट्या प्रकाशनाने ‘हस्तलिखित काव्यसंग्रह पुरस्कार’ जाहीर केलाय. कवीचा पहिलाच संग्रह हवा, कविता 50 ते 60, प्रवेशशुल्क 500 रुपये, बाडावर, म्हणजे पाठवायच्या हस्तलिखितावर, नाव कुठेही नको. निवडलेला संग्रह ते छापणार आणि रोख 5,000 रुपये देणार.

साठ कविता कशा निवडू? विषयवार लावू का? आमच्या भागातले एक ज्येष्ठ कवी प्रस्तावना लिहून द्यायला तयार आहेत, ती जोडू का? हेच बाड शासनाच्या नवलेखक योजनेलाही पाठवलं तर चालतं का? फी घेतात म्हणजे फसवणूकच असते, असं एक मैत्रीण म्हणते. घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे टोपणनाव घ्यावं का, असंही मनात येतं. संग्रहाचं नाव ‘मनाच्या गाभाऱ्यातून’ ठरवलंय. सगळ्या कवितांच्या शीर्षकांची यादी, नमुन्याला पाच कविता आणि त्यांची नियमावली सोबत जोडतेय.

— एक रोखपाल

उत्तर

नमस्कार,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण जो विचारायला हवा होता तोच राहिला. नियमावली जोडलीत ते बरं केलंत. तिच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात नियम क्रमांक 9 आहे: ‘विजेत्या कवीने संग्रहाच्या किमान 150 प्रती छापील किमतीवर 30 टक्के सवलतीने विकत घेणे आवश्यक राहील.’

दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजता, आता हे मोजा. ऐंशी पानांच्या संग्रहाची किंमत समजा 200 रुपये ठेवली. सवलत वजा जाता एक प्रत 140 ला पडते. 150 प्रतींचे झाले 21,000. त्यातून बक्षिसाचे 5,000 वजा करा, फीचे 500 मिळवा. म्हणजे पुरस्कार जिंकल्याबद्दल तुमच्या पदरचे 16,500 रुपये जाणार. जे हरतील त्यांचे फक्त 500.

याला लगेच फसवणूक म्हणू नका. कवितेची पुस्तकं खपत नाहीत, ही काही प्रकाशकांनी उठवलेली आवई नाही. छोटं प्रकाशन म्हणजे पुष्कळदा एकच माणूस असतो. नोकरी सांभाळून रात्री प्रूफं वाचणारा, स्कूटरवर पुस्तकांचे गठ्ठे घेऊन फिरणारा. तीनशे प्रती काढल्या आणि त्यातल्या दीडशे कवीनेच उचलल्या, तर त्याचा छपाईचा खर्च बऱ्यापैकी सुटतो. हा धंदा म्हणून समजण्यासारखा आहे. पण याचं खरं नाव ‘स्वखर्चाने प्रकाशन’ आहे. ‘अमुक इतके पैसे द्या, पुस्तक काढून देतो’ असं तोंडावर सांगणारा प्रकाशक मला चालतो. बक्षिसाच्या ताटात शालीखाली बिल ठेवणारा चालत नाही.

माझाच अनुभव सांगते. माझा पहिला संग्रह मी पैसे भरून काढला. पाचशे प्रती छापल्या, असं मला सांगण्यात आलं. त्यातल्या दोनशे मी डोळ्यांनी पाहिल्या. उरलेल्या तीनशेंचं काय झालं, हे विचारायला माझ्याकडे एक ओळीचाही कागद नव्हता. सगळं ठरलं होतं चहावर. चहाचे पैसेही मीच दिले होते.

मैत्रिणीला सांगा की फी घेतली म्हणून स्पर्धा खोटी ठरत नाही. परीक्षकाला मानधन द्यायचं तर ते कुठून तरी यायला हवं. मी पाहते ते वेगळं. परीक्षकांची नावं आधी जाहीर केली आहेत का? मागच्या वर्षीच्या विजेत्याचं पुस्तक खरोखर निघालं का, आणि मी मागवलं तर ते मला मिळतं का? ते जरूर मागवा. शे-दोनशे रुपये जातील, पण कागद कसा आहे, मुद्रणदोष किती आहेत, कवितेच्या ओळी पानात नीट बसवल्यात की कोंबल्यात, हे सगळं अर्ध्या तासात कळेल. तुमच्या नियमावलीत परीक्षकांची नावं नाहीत. ‘मान्यवर परीक्षक’ एवढंच आहे. मान्यवर कोण नसतं?

फी भरण्याआधी त्यांना एक साधा ईमेल करा. फोन नको, लेखी हवं. असं काहीतरी लिहा: ‘आपल्या पुरस्कारासाठी बाड पाठवण्याची इच्छा आहे. नियम 9 मधली प्रतींची खरेदी ऐच्छिक आहे की बंधनकारक, हे कळावे. पहिली आवृत्ती किती प्रतींची असेल, कवीला मानार्थ प्रती किती मिळतील आणि रॉयल्टी किती, हेही कृपया कळवावे. विजेत्याशी लेखी करार होत असल्यास त्याचा नमुना पाठवावा.’ एवढंच. चांगला प्रकाशक दोन दिवसांत उत्तर देतो. उत्तर आलं नाही, किंवा ‘आपण साहित्यसेवा करतो आहोत, व्यवहार कशाला’ या थाटाचं आलं, तर ते पाचशे रुपये दोन-तीन वाङ्मयीन नियतकालिकांच्या वर्गणीत घाला.

नियम 11 ही तितकाच बघण्यासारखा आहे: ‘संग्रहाचे सर्व हक्क प्रकाशनाकडे राहतील.’ किती वर्षं, कुठल्या भाषेत, कशासाठी, काही नाही. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्याचं कलम 19 लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेले हक्क त्याने वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते परत तुमचे होतात. पण प्रवेशिकेवर ‘सर्व नियम मान्य’ याखाली सही केलीत, की उद्या तोच कागद पुढे केला जाईल. म्हणून त्यांना सांगा की मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. अनुवाद, ध्वनिमुद्रण, पाठ्यपुस्तकात घेणं, हे सगळं माझ्याकडे. कवितेतून पैसे फारसे येत नाहीत हे खरं, पण एखादी कविता शाळेच्या पुस्तकात गेली तर परवानगी तिसऱ्याच माणसाकडे मागितली जाते, हे बघायला बरं वाटत नाही.

आता शासनाची योजना. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. तिथे बाड तज्ज्ञ वाचतात आणि निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. यंदाची जाहिरात आणि तिच्यातल्या अटी मंडळाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तिथे वेळ लागतो, धीर धरावा लागतो, पण दीडशे प्रती घ्या असं कोणी म्हणत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी पाठवायचं असेल, तर आधी दोन्ही नियमावल्यांत ‘अन्यत्र पाठवलेले नसावे’ असं काही आहे का ते पाहा. असेल तर एकच निवडा. नसेल तर पाठवा, पण एकीकडे निवड झाली की त्याच दिवशी दुसरीकडे माघारीचं पत्र जायला हवं. मराठी साहित्याचं जग पतसंस्थेच्या सभासद यादीपेक्षा लहान आहे. कोणी काय केलं ते लक्षात ठेवलं जातं.

एक गोष्ट तुमच्या वयामुळे मुद्दाम सांगते. पहिलं पुस्तक एकदाच निघतं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहाचं बक्षीस बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे. (त्या 1951 मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकात आली 1952 मध्ये. स्वतःचं पहिलं पुस्तक पाहूच न शकलेल्या बाईंच्या नावाने पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार, हे माझ्या मनातून कधी जात नाही.) मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा विशाखा पुरस्कारही नवोदितांच्या पहिल्या संग्रहासाठी असतो. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला 35 वर्षांची मर्यादा आहे. तुम्ही 33 च्या. यावरून घाई करायला सांगत नाही, उलट सांगतेय. घाईघाईत, मुद्रणदोषांनी भरलेलं, दीडशे प्रती पलंगाखाली आणि दीडशे कुणाच्या तरी गोदामात असं पुस्तक काढलंत, तर ते तुमचं पहिलं पुस्तक म्हणून मोजलं जाईल आणि या सगळ्या दारांवर तेच दाखवावं लागेल.

एवढं झालं की मग मजेचं काम.

मी मुद्रितशोधक म्हणून बावीस वर्षं काढली आणि चारदा अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले. गेल्या खेपेला 64 बाडं आली होती. परीक्षक काय करतो ते प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या पाच कविता नीट वाचतो, मग शेवटची वाचतो, मग मध्ये कुठेतरी उघडतो. या तीन ठिकाणी कान टवकारला तर बाड बाजूला ठेवून रात्री पूर्ण वाचतो. हे बरोबर नाही, पण असं होतं.

कविता 50 ते 60 च का मागतात? छपाईचा हिशोब आहे. पुस्तक फर्म्यांत छापलं जातं, एक फर्मा सोळा पानांचा. पाच फर्मे म्हणजे 80 पानं. त्यातली सात-आठ शीर्षक, हक्क, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका यात जातात. काही कविता दोन पानी असतात. उरलेल्या जागेत पंचावन्न-साठ कविता बसतात. म्हणून साठ ही मर्यादा समजा, लक्ष्य समजू नका. तुमच्या 52 चांगल्या असतील तर 52 पाठवा. आठ भरताडाच्या कविता परीक्षकाला नेमक्या सापडतात.

तुमची यादी वाचली. आईवर 11, पावसावर 17. सोलापूर जिल्ह्यात बसून पावसावर सतरा! तुमच्याकडे पाऊस कसा पडतो, आणि मुख्य म्हणजे कसा पडत नाही, हे मी तीन वर्षं तिथे राहून पाहिलं आहे. शीर्षकांवरूनच कळतं की ‘चिंब’, ‘मृद्गंध’, ‘हिरवा शालू’ हा पाऊस शाळेच्या पुस्तकातून आला आहे, तुमच्या अंगणात पडलेला नाही. त्यातल्या दोन ठेवा. ‘टँकर’ नावाची एक दिसली, ती मी पावसाची कविता म्हणून पहिली घेईन. आईच्या अकरांतल्या तीन. त्या कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे, फक्त बाकीच्या आठ काढताना अपराधी वाटतं.

आणि याच यादीत ‘टोकन’, ‘मुदत ठेव’, ‘फाटकी नोट’, ‘जप्तीच्या दिवशी’, ‘अंगठा’, ‘खिडकी नंबर दोन’ अशा चौदा-पंधरा कविता आहेत. तुम्ही त्या यादीच्या तळाशी टाकल्यात, जणू कविता म्हणून त्या जरा कमीच. अहो, बाड तिथे आहे. पतसंस्थेच्या जाळीआडून दिसणारं गाव मराठी कवितेत मी तरी फारसं वाचलेलं नाही. ‘मनाच्या गाभाऱ्यातून’ या नावाचं पुस्तक कुणाचंही असू शकतं. ‘खिडकी नंबर दोन’ तुमचंच.

नमुन्यातली ही एक कविता घेऊ:

संध्याकाळी रोकड जुळवताना
एक नोट हळदीने पिवळी निघाली.
मी ती दोनदा मोजली.
संसाराचा रंगही असाच
हातोहात फिका होत जातो.

तिसऱ्या ओळीपाशी माझा हात थांबला. ‘मी ती दोनदा मोजली’ यात सगळं आहे. ती नोट कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून, बहुधा डब्यातून निघालेली. ती भरायला आलेली बाई. आणि नियमाने एकदाच मोजायची नोट दुसऱ्यांदा हातात घेणारी तुम्ही. मग चौथी ओळ येते आणि मला समजावून सांगू लागते. चौथी-पाचवी खोडा. तीन ओळींची कविता पानावर एकटी दिसेल, दिसू दे. पाचपैकी चार कवितांत शेवटच्या दोन ओळी अशाच पाटी घेऊन उभ्या आहेत. सगळ्या 112 कविता काढून बसा आणि प्रत्येकीच्या शेवटच्या दोन ओळी हाताने झाकून वाचा. कविता पुरी वाटली तर त्या ओळी गेल्या.

क्रम विषयवार नको. आईचा विभाग, निसर्गाचा विभाग, सामाजिक विभाग असं लावलं की दहाव्या पानावर पुढचं सगळं कळून चुकतं. तारखेनेही नको. सगळ्या कवितांच्या प्रती काढा, फरशीवर पसरा आणि एकीच्या शेवटाला दुसरीची सुरुवात कशी लागते ते मोठ्याने वाचून पाहा. ‘जप्तीच्या दिवशी’नंतर लगेच ‘अंगठा’ आली तर दोघी एकमेकींना मारतील. मध्ये आईची एक छोटी ठेवली तर तिन्ही उठतील. फरशीवर पसरायचं म्हणजे घरी कळणारच. ते एका अर्थी बरंच आहे.

टंकलेखनाबद्दल थोडं कंटाळवाणं, पण सांगावं लागेल. मोबाइलवरून कविता नकलून चिकटवल्या की ओळींमधली मोकळी जागा गायब होते, दोन कडवी एकमेकांत शिरतात. एकेक तपासा. गावातल्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलंत, तर ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर किडामुंगी दिसू शकते. युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ पाठवा. तिथेही ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असले शब्द डोळ्यांनी तपासा, त्यातला ‘ऱ’ मोडण्यात पटाईत आहे. एका पानावर एकच कविता. सजावट, गुलाब, मोरपीस काही नको.

नाव नको म्हणतात तेव्हा ते फक्त पहिल्या पानावर नको एवढाच अर्थ नसतो. फाइलचं नाव, पानाच्या माथ्यावरची ओळ, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, ‘कविता-रती’तून पूर्वप्रसिद्ध अशी टीप, सगळं काढा. पूर्वप्रसिद्ध कवितांची यादी वेगळ्या कागदावर, प्रवेशिकेसोबत. आणि यादीतल्या 87 व्या कवितेच्या शीर्षकात तुम्ही स्वतःचंच नाव गुंफलंय, तिचं काय करायचं ते ठरवा. नाममुद्रेची सवय आपल्याकडे जुनी आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही मंडळी अशा स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

प्रस्तावना नको. नाव झाकायचं असताना तुमच्या भागातल्या ज्येष्ठ कवींची प्रस्तावना म्हणजे जिल्ह्यासकट ओळखपत्र. शिवाय परीक्षकाला ती वकिली वाटते. त्यांना नम्रपणे सांगा की निवड झाली तर पुस्तकासाठी नक्की विचारेन. पाठराखण, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर, लिहायला सांगितलंत तर ते जास्त खूश होतील, कारण ती छोटी असते.

टोपणनाव हवं तर घ्या. चिं. त्र्यं. खानोलकर ‘आरती प्रभू’ झाले आणि माणिक गोडघाटे ‘ग्रेस’. प्रवेशिकेवर आणि करारावर मात्र खरं नाव लागेल, कारण धनादेश टोपणनावाने वटत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. कायद्यातही फरक पडतो. लेखकाचा हक्क एरवी त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. टोपणनावाने निघालेल्या आणि खरी ओळख उघड न झालेल्या पुस्तकाची 60 वर्षं प्रकाशनापासून मोजतात. पण तुमच्या बाबतीत अडचण वेगळीच दिसते. ‘खिडकी नंबर दोन’ वाचल्यावर गावातल्या प्रत्येक खातेदाराला कळणार की जाळीच्या आत कोण बसतं. टोपणनाव सोलापूरपर्यंत चालेल, तुमच्या गावात नाही.

अंतिम तारीख महिनाअखेरची आहे, म्हणजे ईमेलच्या उत्तराची वाट बघायला आठ-दहा दिवस आहेत. तोवर बाड लावून ठेवा, ते कुठेही पाठवायला लागणारच आहे. छापील प्रत मागितली असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रकाशकाचं उत्तर आलं की ते मला पाठवा, आपण त्यातल्या आकड्यांवर पुन्हा बसू. आणि हळदीच्या कवितेच्या त्या दोन ओळी खोडल्यात का, तेही कळवा.